कृष्णा आमच्या विभागात येत नाही

नरसोबाच्या वाडीला जायला सगळ्यात चांगले दिवस कोणते, असं मला कुणी विचारलं की मी त्याला चहा विचारतो. चहा नको म्हणाला तर त्याच्या मुलांची नावं आणि इयत्ता विचारतो. तरीही तो प्रश्नाला चिकटून राहिला, तर त्याला उद्यमनगरात मीरासाबच्या कारखान्यावर पाठवून देतो. उत्तर मात्र मी देत नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात एकदा दिलं होतं, चांगलं पाटीवर लिहून दिलं होतं, आणि त्यानंतर राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीतून मी दोन वर्षं मान खाली घालून ऑफिसला जात होतो.

वास्तविक कोल्हापूरकरांना वाडी म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. एसटीत बसावं, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ करत जावं, डुलकी लागायच्या आत वाडी. पौर्णिमेला जा, गुरुवारी जा, हौस असेल तर दत्तजयंतीच्या गर्दीत चेंगरून घ्यायला जा. पण माझी यमूआत्या जमखंडीहून आली ती ऐन आषाढात, आणि तिला वाडी नुसती बघायची नव्हती. तिला दक्षिणद्वाराचं स्नान हवं होतं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाडीचं दत्ताचं देऊळ अगदी कृष्णेच्या घाटावर आहे. आपली पंचगंगाही तिथंच येऊन कृष्णेला मिळते. पावसाळ्यात नदी एकेक पायरी चढत वर येते, देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. त्या दारातल्या पाण्यात आंघोळ करायची. पाणी कमी असलं तर ते पादुकांपर्यंत पोचत नाही, जास्त झालं तर देऊळच बुडतं. पाणी चढताना एकदा आणि उतरताना एकदा, कधी चार तास, कधी एखादा दिवस, एवढाच काय तो योग. तो कधी यावा याचं पंचांग कुठल्याही दातेशास्त्र्यानं केलेलं नाही.

आत्याचा नवस होता. तीस-बत्तीस वर्षांत ती त्यासाठी सहा वेळा वाडीला येऊन गेली होती. एकदा पाणी चार पायऱ्या खाली, एकदा देऊळ पाण्यात, एकदा पाणी बरोब्बर आणि आत्या तापानं फणफणलेली, असं करत सहाही खेपा वाया गेल्या. आता तिच्या गुडघ्यांनी पायऱ्यांशी असहकार पुकारला होता. त्यात तिच्या मुलाची, रघुनाथची, बदली भिलाईला झाली. नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी तो येऊन तिला कायमची घेऊन जाणार होता. म्हणजे हा पावसाळा शेवटचा.

"नवस कसला गं, आत्या?" मी विचारलं.

"फिटेपर्यंत सांगायचा नसतो," आत्या म्हणाली. "मनू, तू पाण्याच्या खात्यात आहेस की. एवढा एक दिवस मला काढून दे. जन्मात तुझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही."

हे खरं होतं. आणि मी पाण्याच्या खात्यात होतो, हेही खरं होतं. पाण्याशी संबंध असलेल्या एका सरकारी कचेरीत मी हेडक्लार्क होतो आणि पंचगंगेची रोजची पातळी ज्या वहीत लिहितात ती वही माझ्या टेबलावर असे. पावसाळ्याचे चार महिने आमच्या गल्लीत मला जो मान होता तो गल्लीतल्या डॉक्टरलाही नव्हता. माझ्या शाळेतली जुनी दगडी पाटी मी फाटकाला टांगून ठेवी आणि रोज सकाळी तिच्यावर राजाराम बंधाऱ्याची पातळी खडूनं लिही. लोक थांबून वाचत. काही जण मान हलवत. पाणी किती फुटांवर आलं हे कळून त्यांना नक्की काय कळत होतं देव जाणे, पण मला बरं वाटे.

तेव्हा मी आत्याला शब्द दिला. "चढतं दक्षिणद्वार कधी लागणार ते मी तुला तारीख-वारानिशी सांगतो," म्हणालो.

आमची ही स्वैपाकघरातून म्हणाली, "दूधवाला उद्या येणार का, एवढं सांगा आधी." मी लक्ष दिलं नाही.

बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे बसाप्पा हे गुळाचे अडत्ये. माणूस मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. ते फाटकात उभे राहून म्हणाले, "नेर्लीकर, पावसाळ्यात वाडीला कोण जातंय व्हय? चिखुल नुसता. थंडीत जावा की! मार्गशीर्षात कवठाची बर्फी असती."

"पण बसाप्पा, थंडीत दक्षिणद्वार नसतं."

"नसूं दे की! बर्फी तर असती."

त्यांच्या रत्नव्वांचं मत श्रावणातल्या सोमवारला पडलं. धुण्याभांड्याच्या शालूबाईनं अवसेला पाणी चढतं असं ठाम सांगितलं, आणि कुठल्या अवसेला असं विचारल्यावर "आता ती काय मला सांगून येती का," म्हणाली. ऑफिसातला शिपाई केरबा राधानगरीकडचा. तो म्हणाला, "सायेब, धरणाचं दरवाजं आपसूक उघडत्यात. आमच्याकडं दरवाजं उघडलं, की दीड दिसानं पाणी वाडीत. माझा बा सांगायचा."

केरबाच्या वडिलांचा हा दीड दिवस मात्र मी घेतला. राधानगरीचा पाऊस, बंधाऱ्याची पातळी आणि दीड दिवस यांचं मी एक सूत्र तयार केलं. ते सांगत नाही. ते सांगण्यासारखं राहिलेलं नाही.

एक गोष्ट मला त्याही वेळी खटकली होती, हे कबूल करतो. वाडीला दोन नद्या येतात आणि माझ्या वहीत एकच होती. पण कृष्णा आमच्या विभागात येत नव्हती. तिचे आकडे दुसऱ्या विभागाकडे असत आणि ते मागवायचे तर रीतसर पत्र लिहावं लागे. मी ते लिहिलं. त्याचं उत्तर दिवाळीत आलं. त्यात म्हटलं होतं की, विचारलेली माहिती आपल्याच कार्यालयातून मिळवावी. असो. तूर्त मी कृष्णेला हिशेबातून वगळलं. सरकारी नोकरीत वीस वर्षं काढली की आपल्या विभागात नसलेली नदी दिसेनाशी होते.

सूत्राप्रमाणे गुरुवार निघाला. मी पाटीवर पातळीच्या खाली लिहिलं, 'चढते दक्षिणद्वार : गुरुवार सकाळ.' मग रजेचा अर्ज घेऊन हिरेमठसाहेबांपुढे उभा राहिलो. साहेबांनी चष्मा वर सरकवून अर्ज वाचला.

"कारण काय लिहिलंय हे? नदीची पातळी पाहण्यासाठी?"

"होय साहेब."

"नेर्लीकर, पगार तुम्हाला त्याचाच मिळतो की हो."

पण माणूस चांगला. पावसाळ्यात रजा मिळत नसताना त्यांनी एक दिवसाची किरकोळ रजा दिली.

बुधवारी संध्याकाळी घरी येताना कोपऱ्यावर मीरासाब भेटला. हा मूळचा कुरुंदवाडचा. उद्यमनगरात त्याचा इंजिनं आणि मोटरी दुरुस्त करायचा छोटा कारखाना होता आणि राहायला तो आमच्या मागच्या गल्लीत होता. पन्नाशीचा, किडकिडीत, कोपरापर्यंत कायम ग्रीस लागलेलं. माझ्या फाटकाशी उभा राहून तो पाटी वाचत होता.

"सायेब, उद्या न्हाई हुयाचं," तो म्हणाला.

"का बरं?"

"वाडीच्या अलीकडं एक गाव हाय. त्येंच्या प्यायच्या पाण्याची मोटर नदीला बसवलीया. पाणी चढाय लागलं की ती वर काढाय मलाच बोलीवत्यात. पंपघराच्या ओट्याला पाणी लागलं की तिकडं देवळात शिरतंय. धा-बारा वर्सं बघतोय मी. अजून बोलावणं न्हाई."

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं. खालच्या कारकुनानं बेरीज चुकवली की मी तसा हसत असे. "मीरासाब," मी म्हणालो, "मोटर तुमचं काम, पाणी आमचं."

"बरं," मीरासाब म्हणाला आणि गेला.

गुरुवारी सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही वाडीला गेलो. आत्या, ही, मी, सोवळ्याची पिशवी, कोरडे कपडे, गुळपोळ्यांचा डबा आणि आत्याचा पितळी तांब्या. पाणी देवळाच्या सहा पायऱ्या खाली होतं. नुसतं खाली नव्हतं, ते तिथं आरामात होतं. मी घड्याळात पाहिलं आणि "नऊपर्यंत येईल," म्हणालो. नऊनंतर अकरा म्हणालो. दुपारी आमचे तिथले उपाध्ये जेवायला बोलवायला आले तेव्हा मी एका पायरीवर विटकरीनं खूण करून बसलो होतो. संध्याकाळपर्यंत पाणी एक पायरी चढलं. उपाध्ये म्हणाले, "राहा की चार दिवस." पण रजा एक दिवसाचीच. मी त्यांना माझ्या ऑफिसचा पत्ता दिला आणि पाणी चढलं की तार करा, म्हणून बजावलं. घरचा पत्ता दिला नाही, कारण घरी तार आली की बायका ती फोडायच्या आधीच रडायला लागतात.

आत्यानं दत्ताला नमस्कार केला, तांब्या पिशवीत ठेवला आणि "चला" म्हणाली. मुक्कामाला जयसिंगपुरात हिच्या मावसबहिणीकडे थांबलो आणि सकाळच्या एसटीनं परत निघालो. हातकणंगल्याच्या पुढे समोरून मीरासाबचा तीनचाकी टेम्पो आला. मागे जाडजूड दोर, साखळी-कप्पी आणि दोन माणसं. एसटीच्या खिडकीत मला पाहून मीरासाबनं टेम्पोतून निम्मं अंग बाहेर काढलं आणि एक हात जोरजोरात हलवला. काहीतरी ओरडलाही.

"काय म्हणत असेल हो?" हिनं विचारलं.

"नमस्कार केला असेल," मी म्हणालो, आणि साहेबी पद्धतीनं मान झुकवून त्याचा स्वीकार केला.

तो मोटर वर काढायला चालला होता. त्याच दिवशी दुपारी पाणी देवळात शिरलं आणि दक्षिणद्वार लागलं. कृष्णा वरून भरून आली होती. तिच्यावर कुणाच्या सूत्राचं बंधन नव्हतं.

उपाध्ये शब्दाला जागले. त्यांनी लगेच तार केली. ती त्याच दिवशी आमच्या ऑफिसात पोचली. ती माझ्या हातात पडली सोमवारी. दोष कुणाला देऊ? दोन वर्षांपूर्वी मीच एक परिपत्रक तयार केलं होतं, की ज्या तारेत पाण्याच्या पातळीचा उल्लेख असेल ती आधी आवक वहीत नोंदवावी, तिला क्रमांक द्यावा, मग संबंधित शाखेकडे टिपणीसह पाठवावी. त्या परिपत्रकाबद्दल माझं कौतुक झालं होतं. 'दक्षिणद्वार सुरू. पाणी चढते. त्वरित निघा,' ही तार नोंदली गेली, क्रमांक मिळाला आणि शाखेकडे गेली. शाखेतले इंजिनिअर नुकतेच नागपूरकडून बदलून आलेले. त्यांनी समासात लाल शाईनं लिहिलं, 'सदर द्वार कोणत्या धरणाचे आहे? हेडक्लार्कने खुलासा करावा.' म्हणून ती माझ्याकडे आली.

तार वाचली आणि माझं डोकं फिरलं. अर्ज नाही, रजा नाही, ती तार हातात घेऊन मी तसाच घरी धावलो. "आत्या, ऊठ!" बसाप्पा त्या वेळी घरीच होते, तेही निघाले. त्यांना स्नानाशी कर्तव्य नव्हतं, पण वाडीची बासुंदी पावसाळ्यातही मिळते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

वाडीत पोचलो तर देऊळ नव्हतं. म्हणजे होतं, पण पाण्याखाली. उत्सवमूर्ती वरच्या मठात नेलेली. जिथं पादुका तिथं तांबडं पाणी भोवरे घेत चाललेलं. आत्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि त्या पाण्याकडे बघत राहिली. "आठवी खेप," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गेल्या येळंला काय झालतं?" बसाप्पांनी द्रोण पुसत विचारलं. "तीनच दिस आधी आला असता तर हुतं की हो. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

परत निघायच्या आत रस्त्यावर पाणी आलं. दोन दिवस आम्ही उपाध्यांच्या माडीवर. आत्या जप करत होती, ही उपाध्येकाकूंना पोळ्या लाटू लागत होती, बसाप्पा बासुंदी खात होते आणि मी खिडकीतून पुराची पातळी बघत होतो, जी लिहून घ्यायला त्या वेळी कोल्हापुरात माझ्या टेबलावर कुणीही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर टेबलावर ज्ञापन. 'पूरकाळात पूरनोंदीचे काम सोडून पुरात गेल्याबद्दल' माझ्याकडून चोवीस तासांत खुलासा मागवला होता, आणि पुढील आदेशापर्यंत मुख्यालय सोडू नये अशी तंबी होती. वीस वर्षांच्या नोकरीत मला पहिलं ज्ञापन मिळालं. लोकांना दिलेली ज्ञापनं मी स्वतःच तयार करत असल्यानं त्यातली भाषा माझीच होती. 'ही बाब अत्यंत गंभीर स्वरूपाची आहे' हे वाक्य किती लागतं हे मला त्या दिवशी समजलं. खुलाशात मी लिहिलं, 'रस्त्यावर पाणी आल्याने परत येता आले नाही.' त्यावर हिरेमठसाहेबांनी तोंडी विचारलं, "पाणी येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं?" सगळं ऑफिस हसलं. केरबा तर चहाच्या किटलीसकट बाहेर जाऊन हसला.

गल्लीतही बरं चाललं नव्हतं. माझ्या पाटीवर पातळीच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'वाचकांनी स्वतःच्या जबाबदारीवर विश्वास ठेवावा.' अक्षर चांगलं होतं, त्यामुळे संशय शिक्षकांवर गेला.

पण उतरतं दक्षिणद्वार अजून बाकी होतं. पाऊस उघडला. पंचगंगा उतरायला लागली. मी पुन्हा वही काढली, दारं लावून बसलो आणि सूत्र उलटं केलं. चढायला दीड दिवस तर उतरायला तीन, असा साधा विचार केला. रविवार निघाला. रविवार म्हणजे सुट्टी, रजा नको, मुख्यालयाचं काय ते बघता आलं असतं. मंगळवारी रघुनाथ येणार होता. देवानंच जुळवून आणलं असं मला वाटलं आणि मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उतरते दक्षिणद्वार : रविवार.' खाली रेघही मारली.

गुरुवारी संध्याकाळी मीरासाब घरी आला. आत्या ओट्यावर वाती वळत होती. तिच्याशी तो कानडीत दोन शब्द बोलला. जमखंडीची म्हातारी त्यानं बोलून बोलून कधीच आपलीशी केली होती, आक्का म्हणायचा तिला. मग माझ्याकडे वळला.

"सायेब, त्या गावचं बोलावणं आलंय. सकाळच्या दुधाच्या गाडीसंगं निरोप हाय. पंपघराचा ओटा उघडा पडाय लागलाय. गावाला प्यायाला पाणी न्हाई, मोटर उद्या बसवायची हाय. म्हंजे उद्या सकाळी पादुकांवर गुडघाभर पाणी. दुपारनं उतरून जाईल. मी टेम्पो घिऊन चाललोय. आक्कास्नी नेऊ?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती. मी नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पण पाटी दहा पावलांवर होती आणि तिच्यावर रेघ मारलेला रविवार होता. ज्ञापन ताजं होतं. दोनदा हसं झालेला माणूस तिसऱ्यांदा फार ताठ उभा राहतो.

"मीरासाब," मी म्हणालो, "आकडे रविवार म्हणतात."

"कुठल्या नदीचं आकडं, सायेब?"

"पंचगंगेचे."

"आन् किस्नामाईचं?"

"कृष्णा," मी म्हणालो, "आमच्या विभागात येत नाही."

मीरासाबनं टोपी काढून डोकं खाजवलं. "ते तिला ठावं न्हाई की, सायेब," तो म्हणाला. आणि आत्याला नमस्कार करून गेला.

शुक्रवारी मी ऑफिसात गेलो तेव्हा केरबा नव्हता. पोटात दुखतं म्हणून चिठ्ठी आली होती. हिरेमठसाहेबही नव्हते. ते जीप घेऊन पूरपाहणी दौऱ्यावर गेले होते. सगळ्या ऑफिसचा भार माझ्यावर होता आणि तो मी समर्थपणे वाहिला. दुपारी तीन तारा नोंदवल्या. रविवारच्या तयारीसाठी संध्याकाळी केळी घेऊन घरी आलो.

घराला कुलूप.

शेजारी हाक मारली तर बसाप्पा एकटेच झोपाळ्यावर बसलेले. किल्ली त्यांच्याकडे होती. "सगळी वाडीला गेल्यात की," ते म्हणाले. "तुमची मंडळी, आमची रत्नव्वा, शालूबाई. पाटंच मीरासाब टेम्पो घिऊन आलता. मला म्हनला चला, पर म्या न्हाई गेलो. बासुंदीनं पोट बिघडलंय."

"आत्यासुद्धा?"

"आत्यासाठनंच तर गेल्यात!"

मी कुलूप उघडलं नाही. फाटकाजवळच्या कट्ट्यावर केळी मांडीवर घेऊन बसून राहिलो. डोक्यावर पाटी होती. येणारे-जाणारे ती वाचत, मग मला बघत आणि भरभर पुढे जात. राग आला होता, पण तो नेमका कुणाचा हे ठरत नव्हतं. घरच्या माणसांनी आपल्याला न सांगता देवाला जावं? आणि मग मनात आलं, की मीरासाबही चुकला असला तर? तर म्हातारीची ही नववी खेप, आणि पुढे भिलाई. त्या क्षणी मी देवाला खरोखर म्हणालो, माझा रविवार खोटा ठरू दे. पंचवीस वर्षांत मी देवाकडे मागितलेली ती पहिली निःस्वार्थी गोष्ट होती, आणि तीही स्वतःच्या विरुद्ध.

दिवेलागणीच्या आधी टेम्पो आला. पुढे मीरासाब. मागे दोरांच्या वेटोळ्यांत आणि साखळी-कप्पीच्या मध्ये आमची ही, रत्नव्वा, शालूबाई आणि मधोमध एका पोत्याच्या गादीवर यमूआत्या. केस ओले, डोळे लाल, आणि चेहरा असा, की मला काही विचारावंच लागलं नाही. टेम्पोच्या फळीला धरून पोटदुखीचा केरबा उभा होता.

"झालं रे मनू!" आत्या वरूनच ओरडली. "पादुकांवरनं गुडघाभर! मोटरीसारखी सोडली रे मला खाली आणि मोटरीसारखी वर काढली!"

ओढ फार होती, पायऱ्या निसरड्या आणि आत्याचे गुडघे तसे. तेव्हा मीरासाबनं मोटर काढायचा दोर आणला, हिनं तो आत्याच्या कमरेला बांधला, दोघी बायांनी बगलेत धरलं आणि मीरासाब नि केरबा वरच्या पायरीवर पाय रोवून दोर धरून बसले. "ईस घोड्यांची मोटर वडतोय मी," मीरासाब म्हणाला. "आक्का काय, फुलावानी."

"सायेबांची आई बी हुती की तितं," केरबा मधेच म्हणाला. "सायेब सोता जीपमधनं घिऊन आलते. त्यास्नी बी आमीच दोर लावला." मग मी कोण आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं पोट धरलं.

म्हणजे पूरपाहणी दौरा तो हा. मी तेही गिळलं.

आत्या खाली उतरली. पिशवीतून पितळी तांब्या काढला. तोंडाला फडकं बांधून तिनं तो सबंध रस्ता मांडीवर धरून आणला होता. "इकडं ये," म्हणाली. "दक्षिणेकडं तोंड कर."

"आत्या, गल्लीत? ऑफिसचे कपडे आहेत."

"तोंड कर म्हणते ना."

मी केलं. तिनं फडकं सोडलं आणि दक्षिणद्वाराचं ते गार, गढूळ पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. सगळं. शर्टातून, बनियनमधून, खिशातल्या पेनावरून ते चपलेपर्यंत गेलं. गल्ली बघत होती.

"सहा वर्षांचा होतास तू," आत्या म्हणाली. "विषमज्वर. एकवीस दिवस. डॉक्टरनं हात टेकले होते. तुझी आई बोलायची बंद झाली होती. तेव्हा मी महाराजांना म्हटलं, पोर वाचू दे, तुमच्या पायावरून आलेल्या पाण्यात मी न्हाईन आणि त्यालाही घालीन. बत्तीस वर्षं तुझा जीव मी उधारीवर वागवतेय, मनू. रोज वाटायचं, आज मागतात का उद्या."

चष्म्यावरून पाणी गळत होतं, त्यातलं वाडीचं किती आणि माझं किती हे त्या वेळी कुणी मोजलं नाही ते बरं झालं. हा दिवस मी तिला काढून देणार होतो. माझ्याच जिवासाठी ती आठ वेळा परतली होती आणि त्यातल्या दोन खेपा मी माझ्या सूत्रानं आणि परिपत्रकानं घालवल्या होत्या. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून मीरासाबचे ग्रीसचे हात धरले. तो बावचळून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब, कपडं खराब हुतील," आणि मग माझे कपडे बघून स्वतःच हसायला लागला.

"फिटलं आता," आत्या मोकळा श्वास टाकून म्हणाली. "सुटले मी. इथनं पुढं तुझं तू बघ, बाबा. ताप येवो, खोकला येवो, माझा संबंध नाही. सुखानं भिलाईला जाते."

फाटकाजवळची पाटीही भिजली होती. रविवार पुसला गेला होता, रेघ तेवढी राहिली होती. मी ती खाली काढली, मीरासाबच्या हातात दिली आणि काहीतरी योग्य असं बोलण्यासाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात मला सणसणीत शिंक आली. मग दुसरी. मग लागोपाठ तिसरी.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. कपाळाला हात लावून पाहिला. तिचा चेहरा बदलला, डोळे मिटले गेले आणि दोन्ही हात आपोआप वर जाऊन जुळायला लागले. "महाराजा," ती पुटपुटली, "माझ्या पोराला—"

"आत्या, नको!" आमची ही किंचाळली आणि धावत जाऊन तिनं आत्याचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.